मिस अर्नेटाचा पहिला सौदा

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या दक्षिण भागात अर्नेटा गिलियमला लोक पाठीमागे 'चौकशीखातं' म्हणायचे. तोंडावर अर्थात मिस अर्नेटा. शाळेच्या स्वयंपाकघरात वाढप्याचं काम करता करता कुठल्या पोराच्या घरी बाळ आलंय, कुणाचा बाप कामावरून सुटलाय, कुणाची आजी रुसून धाकट्या लेकीकडे राहायला गेलीय, हे सगळं तिला मुख्याध्यापकांच्या आधी कळायचं. त्यात आगाऊपणा नव्हता. काहींना बास्केटबॉलचं वेड असतं, तसं तिला माणसांचं होतं. पुढे वस्तीतली पोरं कमी झाली, शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि स्वयंपाकघर बंद पडलं. पन्नाशी ओलांडलेली अर्नेटा घरी बसली आणि खिडकीतून समोरचं बंद घर बघू लागली.

तिची भाची ट्रेनीस तिला ओढतच एका व्याख्यानाला घेऊन गेली. विमानतळाजवळच्या हॉटेलात पांढरे बूट घातलेला एक गृहस्थ व्यासपीठावर इकडून तिकडे फिरत होता. "पैसे नकोत, कर्ज नको, घर विकत घ्यायला नको! पडीक घर हेरा, मालकाशी स्वस्तात साठेखत करा, आणि आपला हक्क रोख पैसेवाल्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळे व्हा. मधला फरक तुमचा!"

अर्नेटाने हात वर केला. "पण त्या घरात राहत कोण होतं, आणि ते गेले का, हे कसं शोधायचं?"

"ताई, ते आपलं काम नाही."

"मग कुणाचं?"

लोक हसले. ट्रेनीसने मागच्या टेबलावर जाऊन क्रेडिट कार्डावर त्याचा महागडा कोर्स घेतला. अर्नेटाने फुकटची बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या आठवड्यात ती आमच्या कचेरीत आली. घरांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जिथे पुरे होतात अशा कचेरीत मी खूप वर्षं काम करते आहे. मालकी निर्वेध आहे ना हे बघायचं, वारस कोण ते तपासायचं, सह्या घ्यायच्या, हे माझं रोजचं काम. तिच्या चर्चमधल्या एका बाईंनी तिला माझं नाव सांगितलं होतं.

"मिस नीला," ती समोर बसत म्हणाली, "खरं सांग. हा धंदा आहे की फसवाफसवी?"

"करणाऱ्यावर आहे," मी म्हणाले. "घर तुम्ही स्वतः घेणार नाही, तुमच्यामार्फत दुसराच कुणी घेईल आणि मध्ये तुमचा वाटा असेल, हे विकणाऱ्याला आधीच सांगितलंत तर धंदा. सांगितलं नाहीत तर दुसरं."

"सांगितल्यावर कुणी विकेल का?"

"काही जण विकतात. ज्यांना दुरुस्ती झेपत नाही, 'विकणे आहे' अशा पाट्या लावून वाट बघवत नाही, ते."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे दार लावून घेतात."

तिने हे इतक्या आनंदाने ऐकलं की मला नवल वाटलं. दार लावून घ्यायला आधी ते उघडावं लागतं, असं काहीसं ती पुटपुटली आणि निघून गेली.

त्या वसंतात ती आपल्या जुन्या ब्यूइक गाडीतून गल्लीबोळ हिंडली. गुडघाभर गवत वाढलेलं घर दिसलं की थांबायचं, शेजाऱ्याचं दार ठोठावायचं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तू पोलीस आहेस की धर्मप्रचारक?" ती म्हणाली, "दोन्ही नाही." तो म्हणाला, "मग कुत्र्याला कशाला आवरू?" एका बाईने तिला पाऊण तास बसवून घेतलं, कोंबडी खिलवली, नवऱ्याच्या आजारपणाची सगळी कहाणी ऐकवली आणि शेवटी सांगितलं, की ते शेजारचं घर तर कधीच विकलं गेलंय. अर्नेटा मला फोन करून ती कहाणी जशीच्या तशी ऐकवायची. सौदा मात्र एकही नाही. ट्रेनीसने तोवर कोर्सची अर्धी चित्रफीत बघून धंदा सोडलाही होता.

मग डिकर्सन गल्लीतलं ते घर आलं.

घर लाकडी, बुटकं, आखूड खांबांवर उभं. रंगाचे पापुद्रे निघालेले, पुढच्या ओट्याची एक फळी खचलेली, अंगणात रान माजलेलं. चारचौघांसारखंच पडीक. पण बाजूच्या बोळातून अर्नेटाने मागे डोकावलं, तर परसात फरसबीचे वेल काठ्यांवर नीट चढवलेले, माती भुसभुशीत, एक तण नाही. पुढे जंगल आणि मागे बाग! ती तिथेच उभी राहिली. कुणीतरी नळी ओढत आलं. उंच, वाळलेला, खांद्यांवरून पट्टे घेतलेली पॅन्ट घातलेला म्हातारा.

"हे घर तुमचं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बाग?"

"नाही."

"मग पाणी तरी कुणाचं?"

"पाणी माझं," म्हातारा म्हणाला. "माझ्या घरून नळी आणलीय. तुम्ही नगरपालिकेच्या का?"

त्यांचं नाव लूशियस टॉलिव्हर. मागच्या बाजूच्या घरात एकटे राहायचे. घर आयडेला रकर या बाईंचं होतं, त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या, एकुलता मुलगा दूर उत्तरेत मिलवॉकीला असतो, एवढं त्यांनी सांगितलं. बाकी काही विचारलं की ते वेलाकडे बघत. जाताना मात्र त्यांनी अर्नेटाच्या हातात ओंजळभर शेंगा कोंबल्या. "न्या. माझं काम कमी होईल."

मुलाचा पत्ता सरकारदफ्तरी होताच, घरपट्टी तोच भरायचा. ऑर्लिन रकर. तिकडे शहराच्या बसगाड्या दुरुस्त करण्याचं काम करायचा. अर्नेटाने फोन लावला आणि मी सांगितलं होतं तसं सगळं आधी सांगून टाकलं. मी दलाल नाही, घर मी घेणार नाही, घेणारा शोधीन, माझा वाटा त्यात असेल, आणि पाटी लावून रीतसर विकलंत तर तुम्हाला कदाचित जास्त मिळेल.

पलीकडून माणूस हसला. "बाई, विकायला आलात की परावृत्त करायला?"

"दोन्ही करतेय. नवीन आहे मी."

"मला पाटी नको, हेलपाटे नकोत. त्या घरात पाऊलसुद्धा टाकायचं नाहीये. काय ते कागद पाठवा."

साठेखत झालं. अर्नेटाने विसार म्हणून जुजबी रक्कम ठेवली. वारसाच्या कागदावरची सही समक्ष व्हायला हवी होती. ती तो तिकडेच एखाद्या नोटरीपुढे करणार होता. किल्ली टॉलिव्हरांकडे होती. ती देताना ते म्हणाले, "आत काही नाही बघण्यासारखं." हे वाक्य अर्नेटाला सांगणं म्हणजे मांजराला दूध दाखवणं.

तिने आत जाऊन घर बघितलं. छत एका कोपऱ्यात गळत होतं, न्हाणीघराची फरशी पोचट झाली होती. हे सगळं तिने मनात टिपलं. पण तिचं लक्ष भलतीकडेच गेलं. प्रत्येक दाराच्या चौकटीवर, कंबरेच्या उंचीला, कपड्यांची बटणं ठोकलेली होती. न्हाणीघराला एक. झोपायच्या खोलीला दोन, एकाखाली एक. स्वयंपाकघराला तीन. मागच्या दाराला कोटाचं एक भलंमोठं बटण. स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या खणांच्या मुठींनाही वेगवेगळे दोरे बांधलेले, कुठे गाठ, कुठे नाही.

ती किल्ली परत द्यायला गेली. "मिस्टर टॉलिव्हर, ती बटणं कशाची?"

"तिला विचारा."

"कुणाला?"

"आयडेलाला."

"अहो, ती वारली ना!"

"मग राहू द्या."

आता दुसरा कुणी असता तर गिऱ्हाईक शोधायला लागला असता. साठेखताला मुदत असते. ती टळली की हात रिकामे. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "हो गं, शोधते. पण त्याआधी एक फोन."

तिने ऑर्लिनला विचारलं, "तुमच्या आईने दारांना बटणं का ठोकली होती?"

"कसली बटणं?"

तिने वर्णन केलं. मग तो म्हणाला, "आमच्या घरात असलं काही नव्हतं."

"आता आहे."

"मी शनिवारी येतो," तो म्हणाला. "सही तिथेच करीन."

त्या सहीसाठी अर्नेटाने मला बोलावलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ऑर्लिन रकर पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. भाड्याच्या गाडीतून उतरला आणि ओट्याशी थबकला. आईच्या अंत्यविधीलाही तो चर्च आणि कबरस्तान करून परस्पर परत गेला होता, घरी आला नव्हता. अर्नेटा त्याच्या पुढे झाली आणि दार उघडून धरलं, शाळेत रांगेतल्या पोरासाठी धरावं तसं. तो आत गेला. पहिल्या चौकटीवर त्याने अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. तिसऱ्या दाराशी येईपर्यंत त्याला काहीतरी उमजलं असावं, कारण त्याने डोळे मिटले आणि हाताने चाचपत स्वयंपाकघरात गेला.

"तिला दिसत नव्हतं," तो म्हणाला.

टॉलिव्हर मागच्या दारात उभे होते. टोपी हातात. "शेवटची तीन वर्षं. आधी कडा गेल्या, मग मधलं. उजेड-अंधार तेवढा कळायचा."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तिने शपथ घातली होती, पोरा."

"मी दर रविवारी फोन करत होतो!" ऑर्लिनचा आवाज चढला. "चर्चला कोण आलं, कुणी कुठली टोपी घातली, सगळं सांगायची मला. पिवळी टोपी, हिरवी टोपी, पिसाची टोपी. मी येतो म्हटलं की मात्र, येऊ नकोस, रस्ते खराब आहेत, घराला रंग चाललाय, पुढच्या वर्षी ये. मला वाटलं..." तो टॉलिव्हरांकडे बघून थांबला.

"तुला वाटलं, म्हातारीने म्हातारा ठेवलाय आणि पोरगा नको झालाय."

ऑर्लिनने होकारार्थी मान हलवली.

"बरं वाटलं ऐकून," टॉलिव्हर म्हणाले. "या वयात माझ्याबद्दल असा संशय कुणी घेतला नव्हता."

अर्नेटाला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात दडवलं. ऑर्लिनही नाइलाजाने हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. तो सिंकला टेकून उभा राहिला. आम्ही तिघंही दुसरीकडे बघत राहिलो.

मग टॉलिव्हर आपणहून बोलू लागले. टोप्यांचे रंग तेच आयडेलाला सांगायचे. चर्चमध्ये शेजारी बसून, हळू आवाजात. "कधी कधी खोटेही सांगायचो. सगळ्या बायका काळ्या टोप्या घालून आल्या तर काय सांगणार? एकदा तर मी पाद्र्यालाच जांभळा कोट घातला." बटणं तिनेच ठोकायला लावली होती. "मी म्हणालो, चाळीस वर्षं राहतेस, तुला दारं माहीत नाहीत? म्हणाली, अंथरुणातून उठलं की घर फिरतं, लूशियस, मला खुणेला काहीतरी हवं."

"पण मला का नाही?" ऑर्लिनने विचारलं.

"तू तिला मिलवॉकीला नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"तेच तर," टॉलिव्हर म्हणाले. "तिला तिथली थंडी नको होती. तुझा राग परवडला तिला."

घराचं काय करायचं, हा प्रश्न त्या दुपारी परत उघडा पडला. अर्नेटानेच तो काढला. "हे बघा, आता तुमचं मन बदललं असेल तर साठेखत फाडून टाकू. माझं काही म्हणणं नाही." मी टेबलाखालून तिला पाय मारला. नवशिकी बाई, पहिला सौदा, आणि तो आपल्याच हाताने सोडायला निघालेली!

ऑर्लिन परसात जाऊन आला. "नाही. मी इथे राहणार नाही आणि घर असंच कुजेल. विका. पण," तो टॉलिव्हरांकडे वळला, "बाग तुमच्याकडे राहील अशी अट घालू आपण. घेणाऱ्याला मान्य असेल तरच विकायचं."

टॉलिव्हरांनी टोपी डोक्यावर चढवली. "पोरा, मला फरसबी मुळीच आवडत नाही."

"मग इतके दिवस...?"

"लावायचं ती सांगून गेली होती. थांबायचं कुणी सांगितलंच नाही. तू सांगतोस का?"

"सांगतो," ऑर्लिन म्हणाला.

"देवा, सुटलो," म्हणत म्हातारा खुर्चीत बसला. संध्याकाळी दोघं मिळून कॅटफिश खायला गेले. आम्हाला कुणी विचारलं नाही.

सही झाली, पण सौद्याची खरी परीक्षा पुढेच होती. अर्नेटाला हॉलिस क्रेन नावाचं गिऱ्हाईक मिळालं होतं. क्रेन असली घरं डझनावारी घेणारा, गोड बोलणारा. बघताक्षणी तो "घेतो" म्हणाला. मुदत संपत आली तेव्हा त्याने फोन केला. घराचा पाया एका अंगाला खचलाय, किंमत बरीच खाली आणा, नाहीतर मी निघालो.

अर्नेटाने पाया बघितलाच नव्हता. छत, फरशी, ओटा, जे डोळ्यांना दिसलं तेच तिने धरलं होतं. ती कचेरीत येऊन माझ्यासमोर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. "मी बटणं बघत बसले, मिस नीला. घराखाली वाकून बघायचं सुचलंच नाही."

"आता ऑर्लिनला किंमत कमी करा म्हणावं लागेल," मी म्हणाले. "क्रेन त्याचीच वाट बघतोय. नवीन माणूस दिसला की तो शेवटच्या घटकेला हेच करतो."

"आणि पाया खरंच खचलाय का?"

"ते कुणी आत शिरून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

तिला तेवढं पुरे होतं. मारिसेला ओचोआ ही बाई भिंतींची कामं करायची आणि साठवलेल्या पैशांतून एखाददुसरं घर घेऊन भाड्याने द्यायची. अर्नेटाची तिच्याशी ओळख कुठे झाली, तर पेट्रोलपंपावर, मारिसेलाच्या गाडीवरची शिडी कशी बांधलीय हे विचारताना. अर्नेटाने तिला डिकर्सन गल्लीतल्या त्या घरी नेलं. मारिसेला डोक्याला दिवा बांधून, पोटावर सरपटत घराखाली गेली. बराच वेळ नुसता तिच्या बुटांचा तळ दिसत होता. अर्नेटा वाकून ओरडत होती, "काय दिसतंय? अगं, सांग तरी!"

"एक मांजर दिसतंय!" आतून आवाज आला. "आणि दोन खांब कुजलेत. पाया ठीक आहे. माझा चुलतभाऊ जॅक लावून उचलेल."

"म्हणजे घेशील?"

"क्रेन म्हणाला होता त्या पहिल्या किमतीला नाही. पण त्याच्या आताच्या किमतीपेक्षा जास्त देते. आणि तू मला अजून एक सांग, तुझा यात वाटा किती?"

अर्नेटाने सांगितला. मारिसेला धूळ झटकत म्हणाली, "फारच कमी आहे. तुला कुणी शिकवलं नाही का?"

"एक पांढऱ्या बुटांचा माणूस शिकवत होता. मी बिस्किटं खात होते."

व्यवहार आमच्याच कचेरीत पुरा झाला. ऑर्लिनला ठरलेले पैसे मिळाले, एक पैसाही कमी नाही. खालच्या किमतीचा सगळा भार अर्नेटाच्या वाट्यावर पडला. उरलं त्यात ब्यूइकला चार नवे टायर आले आणि आम्हा दोघींचं एक जेवण झालं. त्या जेवणात ती मला विचारत होती, घराखाली मांजर शिरतं ते खांब कुजल्यावर की आधीच.

त्यानंतरचे दोन सौदे तिच्या हातून गेले. एका बाईंचं घर चांगलं धडधाकट होतं, तिने त्यांना सरळ परवानाधारक दलालाकडे पाठवलं. दुसऱ्या घरात पाच वारस निघाले आणि पाचांची पाच दिशांना तोंडं. क्रेन तिला 'धर्मादाय खातं' म्हणू लागला. तिसरा सौदा मात्र जमला, आणि त्यात चार टायरांपेक्षा पुष्कळ जास्त मिळालं. आता ती कुठलंही घर बघायला गेली की आधी गुडघ्यावर बसून जमिनीखाली टॉर्च मारते. महिन्याला एक जमतोच असं नाही. काही महिने नुसत्या गप्पाच होतात, आणि त्या ती मला फोनवर ऐकवते.

पुढच्या वसंतात मारिसेलाने डिकर्सन गल्लीतलं घर भाड्याने दिलं. परसात पोरांची उड्या मारायची जाळी आली. मारिसेला तिथे कुंपणाला रंग देत असताना ब्यूइक येऊन थांबली आणि अर्नेटा खाली उतरली.

"मिस अर्नेटा!" मारिसेला ब्रश हलवत ओरडली. "हे घर आता विकायचं नाहीये हं!"

"माहितेय गं," अर्नेटा जाळीवरच्या पोरांकडे बघत म्हणाली. "मी नुसती नावं विचारायला आलेय."